वळण, घाट आणि वर्तुळ : लहान जागेतल्या रुळांचा इतिहास

मराठीत ‘वळण’ हा शब्द रस्त्याला लागतो, अक्षराला लागतो आणि मुलांनाही लावला जातो. ‘घाट’ म्हणजे डोंगरातून जाणारी वाट. आणि समीक्षेच्या परिभाषेत ‘घाट’ म्हणजे कलाकृतीचे रूप, तिचा आकार. साहित्याच्या वर्गात हा दुसरा अर्थ शिकवताना पहिल्याची आठवण क्वचितच काढली जाते. प्रस्तुत लेखात मात्र दोन्ही अर्थ एकत्र आणण्याचा आमचा विचार आहे, आणि त्यासाठी आम्ही निवडलेला विषय वरवर पाहता साहित्यापासून बराच दूरचा आहे. घराच्या अंगणात, परसात किंवा कुंपणालगतच्या चिंचोळ्या पट्टीत छोटी रेल्वे मांडायची असेल, तर तिच्या रुळांची आखणी कशी करावी?

हा छंद आपल्याकडे फारसा रुजलेला नाही, हे खरे. परंतु या प्रश्नाचा इतिहास आपल्याकडे आहे, आणि नागपूरकरांना तर तो दूर शोधायला जाण्याचेही कारण नाही. कमी जागा, कमी पैसा आणि अवघड भूमी यांतून वाट काढण्यासाठी जी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे जन्माला आली, तिचे एक मोठे केंद्र शंभराहून अधिक वर्षे या शहरात होते. अंगणातल्या रुळांचे बहुतेक प्रश्न तिच्या अभियंत्यांनी आधीच सोडवलेले आहेत. आमचे म्हणणे एवढ्यावरच थांबत नाही. लहान जागेत रूळ मांडणे म्हणजे मोठ्या गोष्टीची छोटी प्रतिकृती करणे नव्हे. काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा तो निर्णय आहे. नागपूरच्या छोट्या लाईनी उखडल्या गेल्यानंतर या निर्णयाला एक वेगळे गांभीर्य आले आहे.

बगिच्यात सुरू झालेला प्रयोग

बगिच्यातली रेल्वे म्हटली की खेळणे डोळ्यांसमोर येते. इतिहासात मात्र क्रम काहीसा उलटा आहे. इंग्लंडमधील डर्बीजवळच्या डफिल्ड बँक या आपल्या घराच्या आवारात सर आर्थर हेवूड यांनी १८७४ मध्ये रूळ टाकले, ते मुलांच्या करमणुकीसाठी नव्हे. मोठ्या जमीनदारीत, खाणीत किंवा लष्करी छावणीत मालवाहतुकीला उपयोगी पडेल अशी सर्वांत अरुंद रेल्वे किती अरुंद असू शकते, हे त्यांना पाहायचे होते. नऊ इंच रुंदीचा प्रयोग त्यांनी आधी करून पाहिला. गाडी पुरेशी स्थिर राहीना. पंधरा इंचांवर ते स्थिरावले. डोंगरउतारावरच्या त्या आवारात पंचवीस फूट त्रिज्येची वळणे होती. अशा वळणांवरून इंजिन नेता यावे म्हणून चाकांचे आस वळणानुसार थोडे फिरतील अशी रचना त्यांनी केली. या अनुभवावर त्यांनी १८८१ मध्ये पुस्तिका लिहिली आणि पुढे १८९६ मध्ये ईटन हॉल या सरदारी वास्तूसाठी याच मापाची, प्रत्यक्ष कोळसा आणि सामान वाहणारी रेल्वे बांधली.

हेवूड यांना मोठी रेल्वे लहान करायची नव्हती. आपले काम किती आहे आणि ते किती कमी साधनांत होईल, हा त्यांचा प्रश्न होता. साहित्यातला लघुकथाकारही असाच विचार करतो. कादंबरी आखडून लघुकथा होत नाही. तिचे प्रमाणच वेगळे असते.

बार्शी ते नागपूर

हिंदुस्थानात हा विचार व्यवहारात उतरला तो एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या बार्शी लाईट रेल्वेत. १८९७ मध्ये आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीकडे गेलेली ही लाईन अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची होती. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही, हे कॅल्थ्रॉप यांनी आधी ठरवले आणि त्या बंधनातून पुढची सगळी रचना केली. भार वाटला गेला की रूळ हलके चालतात. वाराला तीस पौंड वजनाचे रूळ त्यांना पुरले.

नागपूरला रेल्वे आली ती १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्शुलाच्या रुंद रुळांवरून. पूर्वेकडे राजनांदगावपर्यंतची नागपूर-छत्तीसगढ रेल्वे १८८० नंतरच्या दोन वर्षांत मीटरगेजवर उभी राहिली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली, आणि १८९१ मध्ये नागपूर थेट आसनसोलशी जोडले गेले. मुख्य लाईन अशी रुंद झाली, पण सातपुड्याच्या उंचवट्यावर आणि वैनगंगेच्या खोऱ्यात आत शिरायला रुंद रूळ परवडणारे नव्हते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला होता. त्याच्या पाठोपाठ, १९०३ पासून, गोंदियाहून नैनपूरकडे, पुढे छिंदवाडा आणि जबलपूरकडे अडीच फुटी लाईनी गेल्या. पहिल्या महायुद्धाच्या आधीच नागपूर एका बाजूने नागभीडशी आणि दुसऱ्या बाजूने छिंदवाड्याशी याच अरुंद रुळांनी जोडले गेले. पश्चिम विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गावर ‘शकुंतला’ धावू लागली, तीही अडीच फुटीच. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडवलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत राबत होते.

अरुंद रुळांनी नेमके काय साधले? त्याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर, वळण. भारतीय रेल्वेच्या प्रमाणांनुसार रुंद मार्गावर वळणाची त्रिज्या १७५ मीटरपेक्षा कमी ठेवता येत नाही. मीटरगेजवर ती १०९ मीटरपर्यंत आणता येते. अडीच फुटी नॅरोगेजवर ४४ मीटरपर्यंत. टेकडी आडवी आली की रुंद रुळांना तिच्यातून बोगदा किंवा खिंड खोदावी लागते, दरी आली की भराव किंवा पूल घालावा लागतो. अरुंद रूळ टेकडीला वळसा घालतात. अंतर वाढते, वेळ जातो, पण खोदाईचा खर्च वाचतो. घाटातली वाट आणि घाटाचा घाट, दोन्ही या एका निवडीतून ठरतात.

वीस फूट बाय आठ फूट

आता अंगणाकडे येऊ. नागपुरातल्या जुन्या लेआउटमधील घराला कुंपण आणि भिंत यांच्यामध्ये वीस फूट लांब आणि आठ फूट रुंद पट्टी मिळाली, असे समजू. एरवी तिथे तुळस, कण्हेर, एखादे लिंबाचे झाड आणि सायकल असते.

नागपूरच्या नॅरोगेजसाठी एक सोपे प्रमाण उपलब्ध आहे : एका फुटाला अर्धा इंच, म्हणजे १:२४. अडीच फूट रुंदीचा मार्ग या प्रमाणात सव्वा इंचाचा होतो, आणि जगभर बत्तीस मिलिमीटरचे छोटे रूळ तयार मिळतात. दोन्ही मापे जवळजवळ तंतोतंत जुळतात. याच प्रमाणात ४४ मीटरचे वळण सहा फूट त्रिज्येचे होते. म्हणजे गाडीला पूर्ण उलट फिरायला बारा फूट रुंदी हवी. रुंद मार्गाचे १७५ मीटरचे वळण घेतले तर त्रिज्या चोवीस फूट होते आणि लागणारी रुंदी अठ्ठेचाळीस फूट. अंगणात राजधानी एक्स्प्रेस का शोभत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आपल्याकडे मात्र बारा फूटही नाहीत. दोन्ही बाजूंनी एकेक फूट मोकळा सोडला की सहा फूट रुंदी उरते, म्हणजे तीन फूट त्रिज्या. १:२४ च्या हिशेबाने हे वळण बहात्तर फुटांचे, सुमारे बावीस मीटरचे होते. सपाटीवरच्या नॅरोगेजला ते मानवणारे नाही. पण दार्जिलिंगच्या दोन फुटी रेल्वेवर ‘ॲगनी पॉइंट’ नावाच्या जागी सुमारे अठरा मीटर त्रिज्येचे वळण आहे. म्हणजे आपली चिंचोळी पट्टी अशक्य नाही; ती डोंगरातली आहे, एवढेच. लहान जागेने आपल्याला सपाटीचा विषय नाकारला आणि घाटाचा दिला. वृत्त निवडले की काही शब्द आपोआप बाद होतात आणि काही अनपेक्षितपणे सुचतात, तसाच हा प्रकार आहे. येथून पुढे गाड्या आखूड असाव्यात, डबे लहान असावेत, वेग बेताचा असावा, हे सगळे त्या एका त्रिज्येतून निघते.

आखणीचा पहिला आणि सर्वांना सुचणारा आकार म्हणजे बंद वळसा. अठरा फूट बाय सहा फूट जागेत दोन बाजूंना बारा-बारा फुटांचे सरळ रूळ आणि दोन टोकांना अर्धवर्तुळे. एकूण लांबी त्रेचाळीस फूट. प्रत्यक्षातल्या ताशी वीस किलोमीटर वेगाच्या प्रमाणात गाडी चालवली, तर ती एका मिनिटाच्या आत एक फेरी पुरी करते. दुसऱ्या मिनिटात दुसरी, तिसऱ्यात तिसरी.

दुसरा आकार इंग्रजी आठच्या आकड्याचा. रूळ स्वतःलाच ओलांडून जातात, त्यामुळे पूल येतो, चढ येतो, दृश्य पालटते. परंतु येथे उंचीचा हिशेब आडवा येतो. खालून गाडी जाण्यासाठी आणि पुलाच्या जाडीसाठी मिळून आठ इंच उंची धरली, आणि पंचवीस इंचांना एक इंच असा चढ ठेवला, तर वर जायला जवळजवळ सतरा फूट लागतात आणि उतरायला तितकेच. त्रेचाळीस फुटांतले तेहतीस-चौतीस फूट निव्वळ चढउतारात जातात. स्टेशनासाठी सपाट जागा उरते ती नावापुरती.

तिसरा आकार दोन टोके असलेल्या रेषेचा. त्याकडे आम्ही शेवटी येऊ. कारण आमच्या मते लहान जागेचा खरा न्याय तिथे होतो.

चढ, माती आणि ऊन

लहान जागेत लांबी कशी मिळवावी, याचे दोन मोठे पाठ डोंगरी रेल्वेने दिले आहेत. दार्जिलिंगच्या लाईनीवर (१८८१) जिथे वळायलाही जागा नव्हती, तिथे गाडी पुढे नेऊन, थांबवून, उलटी वर ढकलून पुन्हा पुढे नेण्याची युक्ती केली गेली. दुसऱ्या काही ठिकाणी रूळ गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून जातात. त्यातला १९१९ चा बतासिया वळसा आज एका बागेतच आहे.

दुसरा पाठ आपल्या घरचा. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने १९०४ ते १९०७ या काळात सोळा लाख रुपये खर्चून बांधलेली नेरळ-माथेरान रेल्वे दोन फूट रुंदीची आहे. तिची आखणी बोगद्यांवर फारशी विसंबत नाही. ती डोंगराच्या अंगावरून, नालेच्या आकाराची वळणे घेत, वीसास एक इतक्या चढाने जाते. येथेही सल्लागार कॅल्थ्रॉपच होते. मूळ इंजिनांच्या कडेच्या आसांना वळणावर झुकता यावे अशी सोय होती. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आतबाहेर. माथेरानचा वीसास एक चढ आपल्या आठच्या आकड्याला लावला तर चढउतार सत्तावीस फुटांत बसतो आणि सोळा फूट मोकळे होतात. पण मग इंजिनामागे दोनच डबे जोडावेत हे बरे. सवलत मिळते ती कशाच्या तरी बदल्यात, हे घाटात फार लवकर कळते.

नागपूरच्या अंगणाचे स्वतःचे असे दोन प्रश्न आहेत. पहिला काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ठेवलेले रूळ एका वर्षात लाटांसारखे होतील. मोठ्या रेल्वेने यावर जो उपाय केला तोच येथे करावा लागतो : वीतभर माती काढून मुरूम भरावा, चांगला चोपावा, पाणी निघून जाईल असा बाजूला उतार द्यावा आणि वर बारीक गिट्टी पसरावी. दुसरा प्रश्न उन्हाचा. जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंशांवर असलेला रूळ मे महिन्याच्या दुपारी साठ अंशांच्या पुढे जाऊ शकतो. पितळी रुळांची त्रेचाळीस फूट लांबी पन्नास अंशांच्या फरकाने बारा मिलिमीटरच्या आसपास वाढते. सांध्यासांध्यांत थोडी फट ठेवली नाही, तर रूळ बाजूला बाक घेतात. हिवाळ्यात घट्ट बसवलेली रचना उन्हाळ्यात मोडते. तिच्यात मोकळीक आधीच धरून ठेवावी लागते.

हे तपशील येथे मुद्दाम दिले आहेत. साहित्यचर्चेत ‘रचना’ हा शब्द आपण इतका सैल वापरतो, की रचनेला माती असते, हवामान असते आणि किंमत असते याचा विसर पडतो.

वर्तुळाकडे जाणारा इतिहास

आता या इतिहासाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. भारतात बागेतली रेल्वे सर्वसामान्यांच्या ओळखीची झाली ती मुलांची गाडी म्हणून. पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ पासून ‘फुलराणी’ धावू लागली. बालकवींच्या कवितेचे नाव मिरवणारी ही गाडी मुलांना आनंद देत बागेत फेऱ्या मारी. त्या नावाचा कवी १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळच्या भादली येथे रेल्वेखाली सापडून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला, ही गोष्ट गाडीत बसलेल्या मुलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि नसावे हेच बरे. पण साहित्याच्या विद्यार्थ्याला ती विसरता येत नाही. रूळ कोठेतरी जातात तेव्हा त्यांच्यावर भेट असते, ताटातूट असते, मरणही असते. बागेतल्या वर्तुळातून हे सगळे वजा केलेले असते. ती वजाबाकी हाच त्या वर्तुळाचा हेतू आहे, आणि मुलांसाठी तो योग्यही आहे. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली ‘वनराणी’ आणि आमच्याकडे सेमिनरी हिल्सवरील बालोद्यानातली ‘वनबाला’ याच कुळातल्या.

१४ डिसेंबर २००२ रोजी नागपुरात मोतीबाग येथे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळातली इंजिने, डबे, सिग्नल, दिवे, घंटा, उपकरणे असा मोठा ठेवा तिथे जपला आहे, आणि आवारात मुलांसाठी छोटी गाडीही आहे. संग्रहालय उघडले तेव्हा त्याच्या नावातली नॅरोगेज कुंपणाबाहेर जिवंत होती. इतवारीहून सौंसर-रामाकोनामार्गे छिंदवाड्याला आणि उमरेड-भिवापूरमार्गे नागभीडला गाड्या जात-येत होत्या. २०१५ च्या अखेरीस छिंदवाड्याची छोटी लाईन रुंदीकरणासाठी बंद झाली. पुढे तिथे रुंद मार्ग सुरू झाला. २०१९ च्या नोव्हेंबरात एकशे सहा किलोमीटरची नागभीड लाईनही थांबली. नागपुरातून सुटणारी नॅरोगेजची प्रवासी गाडी त्या दिवसानंतर उरली नाही.

या बदलाबद्दल हळहळणे सोपे आहे, आणि आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. रुंद मार्गाची मागणी त्याच गावांची होती. पावसाळ्यात रेंगाळणारी, थोडे डबे ओढणारी, इतवारीला पोचल्यावर माल उतरवून पुन्हा मोठ्या डब्यात चढवायला लावणारी गाडी गावकऱ्यांनी आमच्या स्मरणरंजनासाठी चालू ठेवावी, असे म्हणण्याचा अधिकार शहरातल्या प्राध्यापकांना नाही. प्रश्न वेगळा आहे. रेषा गेली आणि वर्तुळ उरले, तर पुढच्या पिढीला छोटी रेल्वे म्हणजे काय वाटेल? ज्या रुळांवरून भिवापूरची मिरची आणि सौंसरची संत्री बाजारात आली, शिकणारी मुले परीक्षेला आली, बाळंतिणी माहेरी गेल्या, ते रूळ फेरी मारून जिथे चढलो तिथेच उतरवणारे म्हणून लक्षात राहतील. लहान असणे म्हणजे खेळणे असणे, हा समज त्यातून पक्का होईल. हेवूड आणि कॅल्थ्रॉप यांच्यापासूनचा सगळा इतिहास याच्या उलट सांगतो.

रेषेची बाजू

यावर असे म्हणता येईल, की वर्तुळ आपल्या संस्कृतीला परके नाही. प्रदक्षिणा हे वर्तुळच आहे. ओवी, पालुपद, ऋतुचक्र, सगळीकडे परत येणे आहे. हे मान्य. परंतु प्रदक्षिणेला मध्यभागी देव असतो आणि पालुपदाला दोन कडव्यांच्या मध्ये काहीतरी घडून गेलेले असते. पालुपद परत येते तेव्हा त्याचा अर्थ किंचित बदललेला असतो. मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली : संवाद, विरोध आणि समतोल. अंगणातल्या बंद वळशात संवाद भरपूर आहे, कारण प्रत्येक फेरी आधीच्या फेरीसारखीच असते. विरोध नाही, म्हणून समतोल साधण्याचा प्रश्नही येत नाही. पाहणारा पाचव्या मिनिटाला दुसरीकडे बघू लागतो, यात त्याचा दोष नाही.

म्हणून तिसरा आकार. त्याच अठरा फूट बाय सहा फूट जागेत एक सरळ पंधरा फुटांचा मार्ग, मग तीन फूट त्रिज्येचे अर्धवर्तुळ, मग परत पंधरा फूट. दोन्ही टोके फाटकाच्या बाजूला, मध्ये सहा फुटांचे अंतर. एकूण लांबी एकोणचाळीस फूट, म्हणजे वर्तुळापेक्षा चार फूट कमीच. एका टोकाला इतवारी, दुसऱ्याला नागभीड. मधल्या सहा फुटांत झाडे अशी लावायची, की एका टोकावरून दुसरे दिसू नये. लिंबाचे झाड असेल तर ते तोडायचे नाही; रूळ त्याला वळसा घालतील.

या आखणीत गाडी एका मिनिटात पोचते खरी, पण तिथे तिला थांबावे लागते. इंजिन सोडवावे लागते. ते बाजूच्या रुळावरून मागे नेऊन दुसऱ्या टोकाला जोडायचे, तर दोन सांधे आणि इंजिन मावेल एवढी पुढची जागा लागते. मालाचा एखादा डबा तिथेच सोडून दुसरा उचलायचा असेल, तर आणखी एक सांधा. कोणता डबा आधी, कोणता नंतर, हा विचार सुरू होतो. वर्तुळाला पाहणारा लागतो. रेषेला सांधेवाला, गार्ड आणि स्टेशनमास्तर लागतात. चार फूट गमावून आपण कथानक मिळवलेले असते.

आणि येथेच निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो. एकशे सहा किलोमीटर १:२४ प्रमाणात मांडायचे तर जवळजवळ साडेचार किलोमीटर रूळ हवेत. आपल्याकडे एकोणचाळीस फूट आहेत. सगळी स्टेशने घेता येणार नाहीत. कुही घ्यावे की उमरेड? दोन्ही घेतली तर गाडी एका स्टेशनातून निघण्याआधी दुसऱ्यात शिरेल. आम्ही उमरेड घेऊ, कारण कोळसा आणि बाजार दोन्ही तिथे आहेत, आणि वळणाच्या पलीकडे ठेवू, म्हणजे ते इतवारीहून दिसणार नाही. तळी आणि भातशेतीच्या त्या मुलखासाठी एक मातीचे पसरट भांडे पाण्याने भरून रुळाशेजारी पुरू. नागभीडला एक बाजूचा रूळ देऊ. बाकीचे सोडून देऊ. जे सोडले त्याची जाणीव राहिली, की जे घेतले त्याला अर्थ येतो. संपादन करणाऱ्याला आणि चरित्र लिहिणाऱ्याला हा अनुभव नवा नाही.

आपल्याकडे अशी दृष्टी असलेले एक मोठे उदाहरण पुण्यात आहे. भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेंचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. ते बंद दालनात आहे, अंगणात नाही, आणि त्याचे प्रमाणही आपल्यापेक्षा कितीतरी लहान आहे. पण तिथे रूळ गावाच्या आणि वस्तीच्या संदर्भात मांडलेले आहेत. गाडी ही एका जगाचा भाग म्हणून दिसते.

नागपुरात असे काही घरोघरी होईल, अशी आमची अपेक्षा नाही. परंतु एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात, वसतिगृहाच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या बाजूला वीस फूट बाय आठ फूट जागा निघणे कठीण नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी मातीचा आणि चढाचा हिशेब करावा, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जुनी वेळापत्रके शोधावीत, मराठीच्या विद्यार्थ्यांनी उमरेड-भिवापूरकडच्या ज्या माणसांनी त्या गाडीने तीस-चाळीस वर्षे प्रवास केला त्यांच्याकडून चढण्या-उतरण्याच्या, चुकलेल्या गाडीच्या, फलाटावरच्या वाट पाहण्याच्या हकिकती त्यांच्याच बोलीत टिपून घ्याव्यात. ही माणसे आज आहेत. शेवटची गाडी थांबून फार वर्षे लोटलेली नाहीत. स्टेशन कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे, हे त्या हकिकतींनी ठरवावे, आमच्यासारख्यांनी नव्हे. कदाचित उमरेड गळेल आणि ज्याचे नाव नकाशात शोधावे लागते असा एखादा थांबा त्या एकोणचाळीस फुटांत जागा मिळवील.